डॉ. जेम्स मॅक्यून स्मिथ : रोगाचे कारण शोधणारे वैद्य

निवासी शाळांतून बाहेर पडलेली आमची मुले-मुली आज परिचर्या, वैद्यक, औषधनिर्माण आणि समाजकार्य या शिक्षणशाखांकडे वळत आहेत, ही संस्थेच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट आहे. या शाखांत गेल्यावर त्यांच्यापुढे तक्ते येतात. अमुक वस्तीत क्षय अधिक, अमुक समाजात बालमृत्यू अधिक, अमुक जिल्ह्यात मातांचे पंडुरोगाचे प्रमाण अधिक. तक्त्यात आकडा असतो. कारण बहुधा नसते. आणि जेथे कारण लिहिलेले नसते तेथे वाचणारा आपल्या मनातील कारण भरून टाकतो. यांच्या सवयीच तशा, यांचे रक्तच तसे, यांना स्वच्छता ठाऊक नाही, असे शेरे आमच्या समाजाने पिढ्यानपिढ्या ऐकले आहेत. अशा शेऱ्यांना शास्त्राच्या भाषेत आणि आकड्यांनिशी उत्तर देण्याचे काम पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय डॉक्टराने केले. डॉ. जेम्स मॅक्यून स्मिथ हे त्यांचे नाव. आमच्याकडे ते फारसे परिचित नाही, म्हणून या स्मरणिकेत त्यांचे चरित्र देण्याचे आम्ही योजिले.

जेम्स यांचा जन्म १८ एप्रिल १८१३ रोजी न्यू यॉर्क शहरात झाला. त्यांच्या आईचे नाव लॅव्हिनिया. ती गुलामगिरीत आयुष्य काढलेली स्त्री होती, आणि तत्कालीन कायद्याप्रमाणे तिचे मूलही जन्मतः गुलाम ठरले. वडील गोरे होते. त्यांचा आधार या मुलास लाभला नाही. न्यू यॉर्क राज्याने गुलामगिरी एकदम रद्द केली नव्हती, टप्प्याटप्प्याने केली, आणि अखेरचा टप्पा ४ जुलै १८२७ रोजी अमलात आला. त्या दिवशी चौदा वर्षांचे जेम्स कायद्याने मुक्त झाले. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म झाला होता. पुढे १८७३ साली जोतीरावांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. त्या झटणाऱ्यांमध्ये जन्माने गुलाम असलेली माणसेही अग्रभागी होती, हे आम्हांस येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

मलबेरी रस्त्यावरील आफ्रिकन फ्री स्कूल या शाळेत जेम्स यांचे शिक्षण झाले. कृष्णवर्णीय मुलांसाठी दानशूरांच्या संस्थेने चालविलेली ही शाळा. तिच्या एकाच पिढीतून नट आयरा ऑल्ड्रिज, धर्मोपदेशक हेन्री हायलंड गार्नेट आणि अलेक्झांडर क्रमेल असे विद्यार्थी निघाले. अशा एखाद्या साध्या इमारतीतून किती मोठे आयुष्य उभे राहू शकते, हे निवासी शाळेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. १८२४ साली फ्रान्सचे सरदार लाफायेत त्या शाळेस भेट देण्यास आले, तेव्हा स्वागताचे भाषण करण्यासाठी अकरा वर्षांच्या जेम्सची निवड झाली होती.

शाळा संपल्यावर मात्र पुढचे दार बंद होते. हा मुलगा लोहाराच्या भट्टीवर काम करू लागला. एका हाताने भाता ओढावा आणि दुसऱ्या हातात लॅटिनचे व्याकरण धरावे, अशी त्याची आठवण त्याच्या शाळासोबत्याने पुढे सांगितली आहे. सेंट फिलिप्स चर्चचे कृष्णवर्णीय धर्मगुरू पीटर विल्यम्स यांनी त्यास लॅटिन व ग्रीक शिकविले. डॉक्टर होण्याच्या इच्छेने त्याने न्यू यॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात आणि जिनिव्हा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज केले. वर्णामुळे दोन्हीकडून नकार आला. ज्या कोलंबियाने या तरुणास नाकारले, त्याच कोलंबियात १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून दाखल झाले. या दोन घटनांच्या मध्ये अमेरिकेतील एक यादवी युद्ध आणि ऐंशी वर्षांचा काळ उभा आहे.

विल्यम्स आणि त्यांच्या स्नेह्यांनी पैसा उभा केला, आणि १८३२ साली जेम्स समुद्र ओलांडून स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी १८३५ साली बी. ए., १८३६ साली एम. ए. आणि १८३७ साली एम. डी. या पदव्या मिळविल्या. वैद्यकीय पदवी मिळविणारे ते पहिले आफ्रिकन अमेरिकन होत. ग्लासगोमधील गुलामगिरीविरोधी संस्थेच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. विद्यार्थीदशेत केवळ अभ्यास करावा, चळवळीत पडू नये, असा उपदेश आमच्याकडे वरचेवर केला जातो. स्मिथ यांच्या बाबतीत तरी चळवळीने अभ्यासाची हानी केल्याचे दिसत नाही.

ग्लासगोतील एक प्रकरण त्यांच्या साऱ्या आयुष्याची दिशा दाखविणारे आहे. तेथील लॉक हॉस्पिटलमध्ये गुप्तरोगांनी पीडित गरीब स्त्रियांवर उपचार होत. स्मिथ तेथे काम शिकत होते. या स्त्रियांवर सिल्व्हर नायट्रेट या दाहक औषधाचा प्रयोग चालला होता आणि तो यशस्वी ठरल्याचा गवगवा केला जात होता. त्या प्रयोगात रुग्ण स्त्रियांना प्रत्यक्ष काय भोगावे लागते, हे स्मिथ यांनी १८३७ साली ‘लंडन मेडिकल गॅझेट’मध्ये लेख लिहून उघड केले. चोवीस वर्षांचा, परदेशी, कृष्णवर्णीय, नुकताच पदवी घेऊ पाहणारा तरुण प्रस्थापित डॉक्टरांच्या दाव्याविरुद्ध लिहितो, आणि तेही समाजाने ज्यांचे नाव घेणे टाळले अशा स्त्रियांच्या बाजूने. रुग्णाची संमती हा विषय आज परिचर्येच्या आणि समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला शिकविला जातो. त्या काळी तो कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता.

पॅरिसमध्ये काही काळ अनुभव घेऊन ते १८३७ साली मायदेशी निघाले, तर एका जहाजाच्या कप्तानाने वर्णाचे कारण सांगून त्यांना नेण्याचे नाकारले. दुसऱ्या जहाजाने ते परतले. न्यू यॉर्कमध्ये त्यांनी दवाखाना आणि औषधालय थाटले. कृष्णवर्णीय मालकाचे ते अमेरिकेतील पहिले औषधालय मानले जाते. गोरे व काळे दोन्ही रुग्ण तेथे येत. दुकानाच्या मागील खोलीत गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांच्या बैठका भरत, आणि मुलांसाठी त्यांनी संध्याकाळची शाळाही चालविली. औषध देणारा, शिकविणारा आणि सभा भरविणारा माणूस एकच होता. आज आपण वैद्यक, शिक्षण आणि समाजकार्य यांची तीन वेगळी महाविद्यालये केली आहेत. व्यवस्थेच्या सोयीसाठी ते ठीक, परंतु वस्तीत जाणाऱ्या माणसास तिन्हींची गरज एकाच दारात पडते.

त्या काळी कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाची बुद्धी व स्वभाव ठरविण्याचे एक कथित शास्त्र फार लोकप्रिय होते. काळ्या माणसाची कवटीच हीन, असा निष्कर्ष त्यातून काढला जाई. परत येताच स्मिथ यांनी जाहीर व्याख्यानांतून या शास्त्राचा पोकळपणा दाखवून दिला. जन्मावरून माणसाची योग्यता ठरविणारी विद्या कोणत्या देशात कोणते रूप घेईल, हे सांगता येत नाही. आपल्याकडे ती धर्मग्रंथांतून आली, तिकडे ती मोजपट्टी घेऊन आली.

न्यू यॉर्कमध्ये १८३६ साली क्वेकर पंथाच्या काही स्त्रियांनी कृष्णवर्णीय अनाथ बालकांसाठी एक आश्रम स्थापन केला होता. इतर अनाथालये या मुलांना घेत नसत. आश्रमात मुले आजारी पडत, काही दगावत. तेथील पहिल्या डॉक्टरांनी या मृत्यूंचे खापर कृष्णवर्णीयांच्या विशिष्ट शरीरप्रकृतीवर फोडले. तरुण स्मिथ यांनी १८३९ साली कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रातून त्यास उत्तर दिले. पुढे ते स्वतःच त्या आश्रमाचे डॉक्टर झाले आणि जवळजवळ वीस वर्षे त्यांनी ते काम सांभाळले.

गोवर, देवी आणि क्षय हे त्या मुलांचे मुख्य शत्रू होते. स्मिथ नियमाने आश्रमात जात, मुलांना देवीची लस टोचत. वसतिगृह चालविणाऱ्यास हे काम किती अवघड असते ते पुरते ठाऊक असते. एका मुलास गोवर निघाला की आठवड्यात अर्धी खोली आडवी होते. एकाच्या हाताला खरूज दिसली की चादरी, टॉवेल, पाण्याची टाकी, मुलांची गर्दी या सगळ्यांचा विचार करावा लागतो. एका खोलीत किती मुले निजतात, पाणी कोठून येते, ताटात काय पडते, यावर आजार ठरतो. मूल कोणत्या आईच्या पोटी जन्मले याने तो ठरत नाही. स्मिथ यांनी हे वर्षानुवर्षे एका मुलामागून दुसऱ्या मुलाकडे पाहत जाणले होते. त्यांचे पुढील सर्व लेखन या आश्रमाच्या अनुभवावर उभे आहे, असे आमचे मत आहे. तथागतांनी आजारी आणि दुर्लक्षित भिक्षूस आनंदासह स्वतः न्हाऊ घातल्याची कथा आपण विनयपिटकातून वाचतो. त्या कथेत शुश्रूषा आहे, आणि या भिक्षूकडे कोणीच का पाहिले नाही ही विचारणाही आहे. स्मिथ यांच्या कामातही या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे वळू. अमेरिकेत १८४० साली जनगणना झाली. मनोरुग्ण आणि मतिमंद यांची वर्णवार संख्या तीत प्रथमच मोजली गेली. जे आकडे बाहेर आले ते असे : गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडील राज्यांत दर १६२ कृष्णवर्णीयांमागे एक मनोरुग्ण अथवा मतिमंद, आणि गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडील राज्यांत दर १,५५८ माणसांमागे एक. मेन या उत्तरेकडील राज्यात तर चौदा कृष्णवर्णीयांमागे एक! गुलामगिरीचे समर्थक हर्षभरित झाले. स्वातंत्र्य या लोकांना मानवत नाही, मुक्त केले की त्यांना वेड लागते, गुलामीतच त्यांचे कल्याण आहे, असा सिद्धान्त मांडला गेला. परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी १८४४ साली टेक्सास प्रांत सामील करून घेण्याच्या वादात ब्रिटिश वकिलास लिहिलेल्या पत्रात हेच आकडे पुढे केले. वैद्यकीय नियतकालिकांतूनही ते छापून आले. सरकारी आकडा, शास्त्रीय मासिक आणि मंत्र्याचे पत्र, तिन्ही एका बाजूला!

स्मिथ यांनी आकड्यांवर रोष व्यक्त करून समाधान मानले नाही. त्यांनी ते आकडे गावागावांनुसार उलगडले. मॅसॅच्युसेट्समधील एडवर्ड जार्व्हिस या गोऱ्या डॉक्टरांनीही तेच केले होते, आणि त्यांचेही ऋण येथे मान्य केले पाहिजे. दोघांच्या तपासातून जे निघाले ते विलक्षण होते. काही गावांत कृष्णवर्णीय मनोरुग्णांची संख्या त्या गावच्या एकूण कृष्णवर्णीय वस्तीहून अधिक दाखविली होती. काही गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नसताना मनोरुग्ण मात्र नोंदले होते. वूस्टर या गावी १३३ कृष्णवर्णीय मनोरुग्ण दाखविले होते. ते प्रत्यक्षात तेथील सरकारी मनोरुग्णालयातील गोरे रुग्ण होते, चुकीच्या रकान्यात चढलेले. स्मिथ यांनी १८४४ साली वृत्तपत्रांतून याचे विवेचन केले, आणि न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीय नागरिकांतर्फे अमेरिकन सिनेटला निवेदन पाठविले. कॅल्हून यांनी चुका परस्परांना भरून काढतात अशी सारवासारव केली, आणि ती जनगणना अधिकृतपणे कधीच दुरुस्त झाली नाही. मात्र स्मिथ थांबले नाहीत. १८४६ साली हवामान आणि आयुर्मान यांच्या संबंधावर दीर्घ निबंध लिहून त्यांनी गुलामगिरी माणसाचे आयुष्य कसे कमी करते, हे संख्याशास्त्राच्या आधारे मांडले.

आम्हांस या प्रकरणातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. रकाना कोणी भरला, मोजणाऱ्याने कोणास मोजले, एकूण वस्ती किती, हे प्रश्न विचारण्यास मोठे यंत्र लागत नाही. बेरीज-भागाकार येणारा आणि न घाबरणारा विद्यार्थी पुरतो. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र असा स्वतंत्र विषय आहे. भोर समितीने १९४६ साली समाजाभिमुख डॉक्टराची कल्पना मांडली, तिच्या प्रभावातून त्या विषयास बळ मिळाले. मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण १९३६ पासून आहे. परंतु सामाजिक वैद्यकशास्त्र हा परीक्षेपुरता घोकण्याचा विषय अशी समजूत विद्यार्थ्यांत रुजली आहे, आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्याचे क्षेत्रकार्य पुष्कळदा अहवालाची पाने भरण्यात संपते. ज्या मुलाचे बालपण अशाच एखाद्या तक्त्यातील आकडा म्हणून गेले, त्याने हा विषय घोकू नये; त्याने त्यात शिरून रकाने तपासावे. स्मिथ यांचे उदाहरण शिक्षकांनी वर्गात मांडावे असे आम्ही सुचवितो, कारण ते रुग्ण, आकडा आणि न्याय यांना एकत्र आणते.

पुढे १८५९ साली त्यांनी थॉमस जेफरसन यांच्या जुन्या ग्रंथातील मतांचा समाचार घेतला. जेफरसन हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे कर्ते, देशाचे माजी अध्यक्ष आणि स्वतः शेकडो गुलामांचे धनी. काळे व गोरे यांच्यात निसर्गानेच भेद केला असल्याने ते एकत्र नांदू शकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. स्मिथ यांनी हाडांची ठेवण, केस, वर्ण असा एकेक मुद्दा घेऊन तपासला. शरीरावर हवापाणी, अन्न आणि श्रम यांचा ठसा कसा उमटतो हे त्यांनी दाखविले. मुडदुसाचे उदाहरण येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पाय वाकलेली काळी मुले पाहून तो वंशाचा दोष मानला जाई. स्मिथ यांचे निरीक्षण असे की हा रोग कोणत्याही वंशाच्या गरिबांत आढळतो. ग्लासगोच्या गिरणी-वस्तीतील गोरी मुले त्यांनी पाहिली असणार, असा आमचा तर्क आहे. मुडदूस ‘ड’ जीवनसत्त्व, ऊन आणि आहार यांच्या अभावी होतो, हे विज्ञानास विसाव्या शतकात कळले. कारणाचा रेणू हाती नसतानाही कारणाची दिशा त्यांनी अचूक धरली होती.

केवळ आकड्यांतून माणूस दिसत नाही हेही ते जाणत होते. १८५२ ते १८५४ या काळात फ्रेडरिक डग्लस यांच्या वृत्तपत्रात त्यांनी टोपणनावाने एक लेखमाला लिहिली. तीत होते वृत्तपत्र विकणारा, जोडे पुसणारा, धोबीण, चुना लावणारा. समाजातील प्रतिष्ठितांनाच पुढे आणावे, कष्टकऱ्यांची चित्रे रंगविल्याने जातीची शोभा होते, अशी तक्रार त्यांच्याच काही बांधवांनी केली. या वादात आम्ही निःशंकपणे स्मिथ यांच्या बाजूचे आहोत. डग्लस यांचे आत्मचरित्र १८५५ साली प्रसिद्ध झाले त्यास प्रस्तावनाही त्यांचीच आहे.

त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांना कसे वागविले ते थोडक्यात सांगतो. स्मिथ यांचे वैद्यकीय लेख छापले गेले, परंतु न्यू यॉर्कच्या एका वैद्यकीय संस्थेत त्यांनी अभ्यासलेल्या रुग्णाची हकीकत दुसऱ्या डॉक्टराने वाचावी लागली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांना कधीही सभासद करून घेतले नाही. १८४७ साली न्यू यॉर्कच्या वैद्यक अकादमीत त्यांचे नाव सुचविले गेले, तेही तसेच पडून राहिले.

पत्नी माल्व्हिना बार्नेट याही सुशिक्षित होत्या. या दांपत्याची कित्येक अपत्ये बालवयातच गेली. दुसऱ्यांची मुले वाचविण्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरास आपली मुले वाचविता आली नाहीत. त्या काळात शहरी बालमृत्यूपुढे डॉक्टराचे घरही निर्धास्त नव्हते.

यादवी युद्धाच्या काळात, जुलै १८६३ मध्ये, सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यू यॉर्कमध्ये दंगल उसळली आणि तिचे रूपांतर कृष्णवर्णीयांवरील हल्ल्यांत झाले. १३ जुलै रोजी जमावाने पाचव्या अव्हेन्यूवरील तो अनाथाश्रम लुटला आणि जाळला. २३३ मुले त्या वेळी आत होती. कर्मचाऱ्यांनी त्यांना मागील दाराने बाहेर काढले, म्हणून ती वाचली. वीस वर्षे ज्या मुलांच्या आरोग्याची निगा राखली, त्यांचे घर काही तासांत राख झाले. स्मिथ तेव्हा हृदयविकाराने खंगत चालले होते. पुढे कुटुंबासह ते शहर सोडून ब्रुकलिनच्या बाजूस विल्यम्सबर्ग येथे राहावयास गेले. त्याच वर्षी ओहायो राज्यातील विल्बरफोर्स या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाने त्यांची मानवशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक केली होती. प्रकृतीमुळे ते पद त्यांना स्वीकारता आले नाही. तो वर्ग भरला असता तर त्यांनी काय शिकविले असते, याची कल्पना वरील प्रकरणांवरून करता येते.

१७ नोव्हेंबर १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेतून गुलामगिरी कायमची रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती त्यानंतर एकोणीस दिवसांनी, ६ डिसेंबर रोजी मंजूर झाली.

पुढच्या पिढ्यांनी त्यांना बहुतांशी विसरून टाकले. त्यांची मुले वर्णाने उजळ होती. गोऱ्या समाजात ती मिसळून गेली, आणि आपला पूर्वज कृष्णवर्णीय डॉक्टर होता हे वंशजांनाही ठाऊक राहिले नाही. कुटुंबाच्या जुन्या बायबलातील नोंदीवरून एका वंशज स्त्रीस त्याचा शोध लागला, आणि २०१० साली ब्रुकलिनच्या सायप्रस हिल्स दफनभूमीत त्यांच्या समाधीवर नवा दगड बसविण्यात आला. २०१८ साली न्यू यॉर्कच्या वैद्यक अकादमीने त्यांना मरणोत्तर सदस्यत्व दिले, म्हणजे नाव सुचविल्यानंतर एकाहत्तर अधिक शंभर वर्षांनी. ग्लासगो विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी बांधलेल्या नव्या इमारतीस त्यांचे नाव दिले, आणि २०२१ साली ती खुली झाली.